वरच्या बागेची भर

मी एक जुने लाकडी पिंप आहे आणि सध्या माझ्या पोटात वाइनचा थेंबही नाही. जिथे वाइन बनते त्या इमारतीच्या मागच्या अंगणात, भिंतीला टेकवून मला आडवे ठेवले आहे. ऊन चढले की माझ्या फळ्या कुरकुरतात. त्यांतल्या दोन फळ्यांमध्ये इतकी फट पडली आहे की एक मुंगी त्या वाटेने खुशाल ये-जा करते. मित्रांनो, पिंपाची याहून मोठी नाचक्की नाही. तरी माझे दुःख त्या फटीचे नाही. घरच्या माणसाने केसाने गळा कापला, त्याचे आहे. ते कसे, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मी आधी ओकच्या झाडाचा बुंधा होते. मला बांधणाऱ्या कारागिराने एक खिळा मारला नाही की गोंदाचा थेंब लावला नाही. फळ्या तासल्या, लोखंडी कड्यात उभ्या केल्या आणि मधोमध जाळ करून वाकवल्या. माणूस बुटका आणि तोंडाळ होता. "वाक गं बाई, वाक. पण मोडू नकोस, माझी लाज जाईल," असे तो प्रत्येक फळीला ऐकवायचा. शेवटी त्याने माझ्यात गरम पाणी ओतले, मला गडगडवले, कुठे गळते का ते पाहिले आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा आता. मिळेल ते पोटात ठेव."

तेच मी आयुष्यभर केले.

मला ज्यांनी आणले त्यांची मुलगी "बाबा, बाबा" करत तळघराचा जिना उतरायची. म्हणून माझ्यासाठीही ते बाबाच. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा काका, विक्रीचे पाहायचा. नवे पिंप बडबडे असते. आत आलेल्या वाइनला ते स्वतःच्या लाकडाची, धुराची चव देत सुटते. मीही दिली. पुढे वर्षे गेली, माझी बडबड संपली. तेव्हा बाबांनी मला थोपटून म्हटले, "हे आता ऐकायला शिकलंय." आणि त्यांनी वरच्या बागेची वाइन माझ्या हवाली केली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक.

बाबांच्या दोन बागा होत्या. दोन्हीकडे सिराह नावाची काळी द्राक्षे. खालची बाग सपाटीवर, दिवसभर ऊन खाणारी. तिची वाइन गडद, गोडसर, शिजवलेल्या फळांच्या वासाची. वरची बाग लहानशी, टेकडीच्या उतारावर, वाऱ्याच्या तोंडी. तिची वाइन बाबा कशातही मिसळत नसत. "एका जागेचं एका वर्षी काय झालं, ते एका बाटलीत कळलं पाहिजे," असे ते म्हणत.

"दादा, लोक वाइन पितात, बातम्या वाचत नाहीत," काका म्हणायचा. मग दोघेही हसायचे.

तुम्हाला वाइन चाखायची गरज नाही, मित्रांनो. मोठे झालात तरी नाही. पण एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. लाकूड श्वास घेते. त्यामुळे माझ्यातली वाइन थोडी थोडी उडून जाते आणि वरती मोकळी जागा होते. तिथे हवा साचली तर वाइन बिघडते. म्हणून अधूनमधून बूच काढून, वरून वाइन घालून मला काठोकाठ करावे लागते. याला आमच्याकडे भर घालणे म्हणतात. वरच्या बागेच्या पिंपात वरच्याच बागेची, त्याच वर्षाची भर, हा बाबांचा नियम. त्यासाठी काचेच्या एका मोठ्या बुधल्यात ते थोडी वाइन राखून ठेवत. बुधल्यातून वाइन काढली की तिथेही हवा साचणार. मग बाबा त्यात काचेच्या गोट्या सोडत. गोट्या तळाशी जात आणि वाइन पुन्हा गळ्यापर्यंत वर येई. वाइन बाटल्यांत भरायची वेळ येईपर्यंत बुधल्याच्या खांद्यापर्यंत गोट्या दिसायच्या. त्या मुलीच्या होत्या. खेळायचे वय सरल्यावर तिने डबाभर गोट्या बाबांना दिल्या होत्या, "परत हव्यात हं मला," अशी तंबी देऊन.

मग ते थंड वर्ष आले.

तळघरातून मला आभाळ दिसत नसे. जिना उतरणाऱ्या माणसांच्या कपड्यांवरून मी ऋतू ओळखत असे. त्या वर्षी अंगावरचे स्वेटर उतरलेच नाहीत. वेलींना कोंब उशिरा फुटले. उन्हाळाभर ढग. द्राक्षे हिरवीच राहिली, मग मनात नसल्यासारखी सावकाश काळी होऊ लागली. खालच्या बागेची तोडणी उरकली, तरी वरची द्राक्षे वेलीवरच. काका रोज जिन्यात उभा राहून ओरडायचा, "दादा, पाऊस आला तर बुरशी धरेल. तोड आता!"

"साखर हळूहळू चढतेय, चढू दे. आंबटपणा टिकतोय. वास आत्ता कुठे तयार होतोय," बाबा म्हणायचे. "आपल्याला काय गाडी पकडायचीय?"

शेवटी द्राक्षे तुटली तेव्हा तोडणाऱ्यांची बोटे गारठ्याने आखडली होती. पीक इतके थोडे की त्यातून मी एकटे भरले आणि तो एक बुधला.

ती वाइन आत आली आणि मी दचकले. सडपातळ, धारदार, आंबट. वासात जांभळी फुले आणि नुकती कुटलेली काळी मिरी. थंड वर्षी सिराहच्या सालीत मिरीचा वास जास्त उतरतो, असे बाबा मुलीला सांगत होते. ती शहरातून दोन दिवसांसाठी आली होती. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"बाबा, ही तर भांडते."

"भांडू दे. तिचं वयच आहे. थोडी थांब, मग ती बोलायला लागेल. तेव्हा ये. आपण दोघं चाखू."

"येईन," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्याआधीच बाबांच्या पायांवर सूज आली. शेवटचे उतरले तेव्हा त्यांचा हात काकाच्या खांद्यावर होता. बुधल्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "भर याचीच घाल. गोट्या त्या डब्यात आहेत."

"दादा, मी काय काल आलोय का इथे?" काका म्हणाला.

बाबांनी माझ्या पाठीवर तळवा ठेवला. तो गरम होता. त्यानंतर तो हात मला लागला नाही.

काका वाईट माणूस नाही, हे मला मान्य करावे लागते. तो पहिल्यांदा भर घालायला आला, तेव्हा त्याने आधी माझ्यातली वाइन चाखली आणि थुंकून टाकली. "दादाची शेवटची वाइन, आणि ही अशी?" तो स्वतःशीच म्हणाला. "हसतील रे लोक त्याला." मग तो पायरीवर बराच वेळ बसून राहिला. उठला तो नळी घेऊनच. माझ्यातली कितीतरी वाइन त्याने काढली, खालच्या बागेच्या टाकीत सोडून दिली, आणि त्याच टाकीतली उबदार, गोडसर वाइन माझ्यात भरली.

मित्रांनो, बूच काढल्यावर पिंपाला तोंड मिटता येत नाही. वरून येणारी वाइन कुणाची, हे विचारताही येत नाही. माझ्या पोटात ती मिरी मागे मागे सरकत गेली आणि एक दिवस सापडेनाशी झाली. पुढची प्रत्येक भर त्याच टाकीतून आली. बुधला कोपऱ्यात तसाच राहिला. काकाने त्याच्यावर एक पोते टाकले. बहुधा त्याला स्वतःलाच तो दिसायला नको होता.

थंडी सुरू झाली. एके दिवशी वरच्या मजल्यावर पावले खूप वाढली, आणि मग एकदम थांबली.

काही दिवसांनी मुलगी एकटीच खाली आली. डोळे सुजलेले, अंगात बाबांचा जुना कोट. तिने माझे बूच काढले, काचेच्या नळीने ग्लासात थोडी वाइन घेतली. वास घेतला. पुन्हा घेतला. घोट घेऊन जिभेवर घोळवला. मागून काका आला.

"काका, मिरी कुठे गेली?"

"मिरी? अगं, रडून रडून सर्दी झालीय तुला. या नाकाला काय कळणार?" काका हसला. "छान झालीय. गोड झालीय. दादाच म्हणायचा ना, थांबलं की बोलायला लागते म्हणून?"

तिने पुन्हा ग्लास नाकाशी नेला. "असेल," ती म्हणाली. "मलाच कळत नसेल."

मला फसवले, ते मी एक वेळ गिळले असते. पण तिने स्वतःच्याच जिभेवरचा विश्वास सोडला. बापाला शोधायला आलेली पोर आपलेच काहीतरी चुकले असे समजून जिना चढून गेली. त्या दिवशी काकाशी माझे नाते संपले.

वाइन बाटल्यांत गेली. बाटल्यांवर वरच्या बागेचे नाव, त्या थंड वर्षाचा आकडा आणि खाली बाबांची सही. चाखायला जाणकार मंडळी तळघरात जमली. "एवढं थंड वर्ष, आणि काय ऊब आहे हिच्यात!" कुणी म्हणाले. "त्यांनी केलेली सर्वांत सुंदर वाइन हीच," दुसऱ्याने मान डोलावली. काका मान खाली घालून आभार मानत होता. मुलगी सगळ्यांकडे पाहून हसत होती आणि तिचा ग्लास भरलेलाच होता.

मला कुणी धुतलेही नाही. "फार जुनं झालं आता. अर्धं कापून कुंड्या करू," काका म्हणाला. मला अंगणात आणून टाकले. तळघरात मी दिसत राहणे त्याला जड जात असावे.

एका दुपारी काका माझ्या पोटावर खडूने रेघ ओढत होता, करवत कुठे लावायची त्याची. आतून चाकांचा आवाज आला. मुलगी तळघर आवरत होती. ती छोटी ढकलगाडी घेऊन बाहेर आली. गाडीवर गोट्यांचा डबा आणि बुधला होता, पोते काढलेला. उन्हात तो लखलखला आणि मला स्वच्छ दिसले. वाइन गळ्यापर्यंत भरलेली, आणि गोट्या तळाशी विरळ पसरलेल्या. बाबा जिना उतरायचे बंद झाले तेव्हा होत्या तितक्याच. काकाची पाठ तिच्याकडे होती.

तिने ग्लासभर वाइन काढली. मग डब्यातल्या गोट्या एकेक करून बुधल्यात सोडल्या, वाइन पुन्हा गळ्याशी येईपर्यंत. ग्लास तिने काकासमोर धरला.

"काका, चाख जरा."

"काय आहे?"

"चाख तर."

काकाने सवयीने आधी वास घेतला. खडू धरलेला हात खाली गेला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले.

"अरे वा! मिरी... आणि ती कसली गं फुलं? काय धार आहे, पण कुठे टोचत नाही." त्याने आणखी एक घोट घेतला. "कुणाची आणलीस? आपल्या भागातली नाही वाटत. कुणीतरी फार धीराचा माणूस आहे. दादाला दाखवायला हवी हो—"

तो थांबला. मुलीने बुधल्याकडे पाहिले. मग काकानेही पाहिले. तळाच्या गोट्या पाहिल्या.

तो माझ्यावरच बसला, खडूच्या रेघेवर. त्याचा सगळा भार माझ्या सुकलेल्या फळ्यांवर आला.

"त्याला कुणी हसू नये म्हणून केलं गं," तो म्हणाला. "शेवटची होती त्याची."

"बाबांना माहीत होतं?"

"मी नेऊन दिली होती त्याला. ग्लासभर. पिंपातली." काका हाताने तोंड पुसत राहिला. "म्हटलं, खूश होईल. त्याने एक घोट घेतला. फक्त विचारलं, 'भर वेळेवर घालतोस ना?' मी हो म्हणालो."

"आणि ग्लास?"

"परत दिला. तसाच भरलेला."

मुलीने काकाच्या हातातून ग्लास घेतला. दोघांनी चाखायची, असे ठरले होते. ती एकटी प्यायली. उभी राहून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. "बोलतेय, बाबा," एवढेच म्हणाली. मग तिने काकाला उठवले आणि माझ्यावरची खडूची रेघ बाबांच्या कोटाच्या बाहीने पुसून टाकली.

आता माझ्यात रोज पाणी घालतात. निम्मे गळून जाते. सुकलेल्या फळ्या फुगून पुन्हा एकमेकींना भिडायला वेळ लागतो. त्या बाटल्या मात्र केव्हाच दूरदूर गेल्या आहेत. कुठे कुठे त्या उघडल्या जातात, वरच्या बागेचे नाव घेऊन लोक ती गोडी पितात आणि बाबांची तारीफ करतात. तिथे जाऊन खरे सांगायला मला पाय नाहीत. म्हणून तुम्हाला सांगितले.

मित्रांनो, रिकामे पिंप उन्हात टाकू नका, त्यात पाणी भरून ठेवा. आणि कधी एखादा थकलेला माणूस आपले अर्धे राहिलेले काम तुमच्या हाती देईल. ते तुम्हाला आंबट वाटेल, कच्चे वाटेल. तुमच्याकडची गोडी त्यात गुपचूप ओतू नका. पटत नसेल तर जाऊन त्याच्याशी भांडा. बाबा भांडले असते, मग हसलेही असते. तेवढी ताकद त्यांच्यात शेवटपर्यंत होती.

काल पाणी घालायला काका आला. त्याने बादली खाली ठेवली, माझ्या बुचावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग त्याने घराकडे तोंड करून मुलीला हाक मारली.

"अगं, यात कुठलं पाणी घालू?"

"नळाचं चालेल, काका," आतून आवाज आला.

तरीही तो क्षणभर थांबला. मग त्याने बूच काढले. मी तोंड उघडले. मला दुसरे काय येते?