अंगठ्याला बांधलेली दोरी

चन्नम्मानं पाळणा मागितला आन् माज्या तोंडातनं लगेच निघालं, "घिऊन जा की, त्यात काय एवढं!" जीभ लई लांब हाय माजी. पाळण्यात निजणाऱ्याला कुणी इचारलं हुतं का? न्हाय. आन् निजणारा म्हंजे आमचा बिरू. तिसरं लागलं तरी गुडघं पोटाशी घिऊन पाळण्यात मावायचा, पर दुसरीकडं कुटं डोळा म्हणून लावायचा न्हाय.

आमी बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकून सांगोल्याकडनं सोलापुरात आलो. मालक मिलमधी लागलं, मी चाळीतल्या तेलगू बायकांकडनं विड्या वळायला शिकले. बिरू हितंच झाला. माज्या बापानं बाभळीच्या लाकडाचा पाळणा करून एस्टीच्या टपावर टाकून आणला, त्यो आढ्याला टांगला. मांडीवर सूप, सुपात पानं आन् तंबाखू, आन् पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. हात विड्या वळत्यात, पाय पोराला झोका देतोय. चाळीत सगळ्या जणींचं आसंच. मला तर सवय आशी जडली की रेशनच्या रांगेत हुबी ऱ्हायले तरी अंगठा हलायचा.

चन्नम्मा शेजारच्या खोलीतली, माहेर दुधनीचं, कानडी मुलखातलं. तिची दोन लेकरं आधी गेलेली, दोन बी अंगावर पिताना. आता तिसरी खेप हुती, दिवस भरत आल्ते. तिच्या आईनं, निंगव्वानं, सांगितलं हुतं की जिथलं लेकरू धडधाकट वाढलंय तिथला पाळणा आणायचा. पर आतलं लेकरू आपल्या मनानं उतरलं पायजे. रडवून काढलेला पाळणा त्यांच्यात घेत न्हाईत.

"अक्का, बिरू रडायला नाही पायजे हां," चन्नम्मा म्हणाली आन् पोटावर हात ठिवून माज्याकडं बघत बसली. आता ह्या बाईला न्हाय कोण म्हणंल? सांगा की!

मालकांनी जुन्या बाजारातनं एक लहान बाजलं आणलं, त्याला नवी नवार विणली. वर चादर घातली. "बघ रं बिरू, राजाचं बाजलं!" राजा बाजल्यावर चढला, दोन उड्या मारल्या, आन् उतरून पाळण्याच्या कडंला लोंबकळाय लागला. "ह्यात निजायचं. झोका दे." मी म्हणलं, बरं बाबा, हितं बी झोका देते. बाजल्याच्या पायाला दोरी बांधली आन् अंगठ्यानं वढली. बाजलं कुटलं हलतंय? अंगठा तेवढा सुजला.

मालक हसून हसून लोळलं. "अगं, त्यापरास मलाच बांध की, मी हलतो!"

"हला मग! पोराला कुशीत घिऊन निजा आन् हला!"

निजलं बाबा. घटकाभरानं बघते तर बाप घोरतोय आन् पोरगं टक्क जागं, पाळण्याकडं बघतंय. मला आसा राग आला की कुणावर काढावा तेच कळंना.

तेवढ्यात चन्नम्माला मुलगी झाली. जीव एवढासा, पर आवाज खणखणीत. चन्नम्मा तिला मांडीवरनं खाली ठेवायची न्हाय. निंगव्वा म्हणायची जरा पाठ टेक, तर ही मान हलवायची. बसल्या बसल्या डुलकी खायाची, दचकून जागी व्हायाची, लेकराच्या नाकाला हात लावून बघायची. मी गेले की एकच, "अक्का, उतरला का बिरू?" मी म्हणायची, उतरंल गं, बारशाच्या आत उतरंल.

मालक म्हणालं, "पोरगं निजलं की उचलून बाजल्यावर ठिवू आन् पाळणा दिऊन टाकू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की! उद्या त्या लेकराला साधं पडसं झालं तर मी चन्नम्माला कुटलं तोंड दावू?" मी आशी वरडले की मालक चप्पल घालून भायेरच गेलं.

त्या दुपारी मी विड्या वळत बसल्ते. बिरू रुसून बाजल्यावर बसल्ता, बाजल्यावर निज म्हणलं म्हणून. आन् निंगव्वा बाळंतशोपा मागायला दारात आली, ती तितंच किंचाळली.

"ब्याडव्वा, ब्याड! नगं गं बाई, रिकामा पाळणा हलवती काय गं!"

बघते तर काय, दोरी माज्या अंगठ्यालाच हुती. अंगठा आपला सवयीनं चाललेला आन् आढ्याला रिकामा पाळणा झोकं घेतोय! रिकामा पाळणा हलवायचा न्हाय हे मला काय ठावं न्हाय? आन् त्यो बी ह्या दिवसांत, चन्नम्मा भिंतीपलीकडं आसताना!

बिरू रुसवा इसरला. "का न्हाय हलवायचा?"

"आत बाळ नसताना हलवला की बाळाचं पोट दुखतं," निंगव्वा म्हणाली.

"कुणाच्या बाळाचं?"

"पाळणा ज्याचा, त्याचं."

बिरूनं सदरा वर केला, आपलं पोट दाबून बघितलं. हितं दाबलं, तितं दाबलं. "माजं न्हाय दुखत." आन् तेवढ्यात भिंतीपलीकडं चन्नम्माची लेक रडाय लागली. बिरू कान दिऊन ऐकत ऱ्हायला. मग धावत गेला आन् दोनी हातांनी पाळणा गच्च धरून थांबवला.

"आई, हलवू नगं. बाळाचं पोट दुखतंय. बाळाचा पाळणा हाय ह्यो."

निंगव्वा माज्याकडं बघाय लागली, मी निंगव्वाकडं. कुणी शिकवलं न्हाय, कुणी सांगितलं न्हाय. गड्यानं आपला आपणच निवाडा केला!

पाळणा थांबला तसा त्यो बाजल्यावर जाऊन आडवा झाला आन् हात पुढं केला. "दोरी दे." मी पाळण्याची दोरी सोडली, ते टोक त्याच्या मुठीत दिलं. दुसरं टोक माज्या अंगठ्यालाच हुतं. त्यानं वढलं. मी अंगठा हलवला. त्यानं परत वढलं, मी परत हलवला. तवा कुटं माज्या डोक्यात उजेड पडला. आगं बया, पोराला पाळणा नकोच हुता! दोरीच्या ह्या टोकाला आई हाय का, एवढंच त्याला पायजे हुतं. मी मूर्ख, आपली बाजल्याचा पाय वढत बसले! बघता बघता पोरगं निजलं. मला आसं भरून आलं की विडी काय वळंना.

बारशाला बिरू दोरी हातात घिऊन, पाळण्याच्या पुढं पुढं चालत चन्नम्माच्या खोलीत गेला. आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठिवला, तसा ह्यो वरडला, "आई, दगडाला निजवलं!" बायका हसून बेजार. मग लेकीला ठेवायची येळ आली आन् चन्नम्माचं हात सुटंनात. लेक छातीशी धरून नुसती हुबी.

"अक्का, भ्या वाटतंय मला," ती म्हणाली.

निंगव्वानं चन्नम्माच्या हाताखाली आपला हात घातला आन् दोघींनी मिळून बाळाला खाली ठिवलं. झोका द्यायला कुणाचा हात पुढं हुईना. तवा बिरूनं आपली दोरी निंगव्वाकडं दिली, तिनं ती पाळण्याला बांधली. दुसरं टोक त्यानं नेऊन चन्नम्माच्या हातात कोंबलं.

"काकू, हलव की. आता रिकामा न्हाय."

चन्नम्मा मोठ्यानं रडाय लागली, आन् रडत रडतच तिनं दोरी वढली. पाळणा हलला. बाळ आपलं मूठ चोखत पडलेलं.

घरी आल्यावर बिरू पोटभर घुगऱ्या खाऊन बाजल्यावर निजला. दोरी न्हाय, झोका न्हाय, हातपाय ताणून निवांत. मी सूप घिऊन बसले.

"कुणाला झोका द्याय लागलीस गं?" मालकांनी इचारलं. बघते तर माजा अंगठा हलतोय. भिंतीपलीकडं पाळण्याची कडी कुरकुरत हुती, आन् अंगठा तिच्याच तालावर चालला हुता.

"पलीकडच्या लेकीला," मी म्हणलं.