भोंग्याच्या आधी कोण उठवायचं?

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. एकतीस वर्षं मी ग्रंथालयाच्या प्रश्नखिडकीत बसते. लोक पेटीत चिठ्ठ्या टाकतात, मी उत्तरं शोधते आणि दर शनिवारी ती बाहेरच्या फलकावर लागतात. प्रश्न फक्त इतिहासाचे. खोडरबर निघायच्या आधी लोक काय वापरायचे? पावाचा चुरा. चीनमध्ये घड्याळ नसताना वेळ कशी मोजायचे? उदबत्ती किती जळली त्यावरून. इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की माणसं भुवया काढायची, हे खरं का? एका जुन्या ग्रीक लेखकानं तसं लिहून ठेवलंय, मी तिथं नव्हते. हे शेवटचं वाक्य फलकावर लिहायची परवानगी नाही, पण मनातल्या मनात मी ते प्रत्येक उत्तराखाली लिहिते.

खिडकीचा नियम साधा आहे. कार्डाशिवाय उत्तर नाही. प्रत्येक उत्तराचं एक जाड कार्ड, आणि कार्डाच्या पाठीवर ते उत्तर कुठून घेतलं त्याची नोंद. नोंद छापलेल्या कागदाची हवी, नाहीतर कचेरीतल्या दप्तराची. कुणी तोंडी सांगितलेलं चालत नाही. हा नियम मी पहिल्या आठवड्यात शिकले आणि नंतर आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात कोंबला.

यंदा खिडकीला पन्नास वर्षं झाली. आमच्या मुख्य ग्रंथपालांनी शंभर निवडक उत्तरांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. शनिवारी उद्घाटन. त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, एक चाळिशीची बाई माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. हातांना निळा रंग, नखांत पिवळा. ती पाट्या रंगवायचं काम करते, आणि प्रदर्शनाच्या दारावरची मोठी पाटी तिच्याकडेच दिली होती.

"आत एक्केचाळीस नंबरचा तक्ता आहे," ती म्हणाली. "तो खोटा आहे. तो काढा."

सकाळी सकाळी असं कुणी तोंडावर बोललं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. "इथे खोटं काही लागत नाही," मी म्हटलं. "काय आहे त्यावर?"

तिनं पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं. "भोंग्याच्या आधी गिरणीकामगारांना कोण उठवायचं? उत्तर: इंग्लंडमध्ये लांब काठीनं खिडक्या वाजवून कामगारांना उठवणारी माणसं असत. आपल्या गिरणीला मात्र सुरुवातीपासून भोंगा होता, त्यामुळे असं काम करणारं इथे कधीच कुणी नव्हतं."

"मग?"

"माझी आजी ते काम करायची."

ती पुढे बोलतच होती. ती चौथीत असताना तिनं निबंधात लिहिलं होतं, माझी आजी पहाटे काठीनं अख्ख्या गल्लीला उठवायची. बाईंनी फलकावरचं उत्तर वाचलेलं होतं. त्यांनी तिला वर्गापुढं उभं केलं आणि थापाडी म्हणून सांगितलं. पुढची तीन वर्षं शाळेत तिचं नाव थापाडीच होतं.

"माझं जाऊ द्या," ती म्हणाली. "मी थापाडी तर थापाडी. पण त्या दिवसापासून आजीनं त्या कामाविषयी तोंड उघडलं नाही. आता ती त्र्याण्णव वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात, आहेत तोवर आहेत. तिचे डोळे मिटायच्या आत तिथे खरं लागलं पाहिजे. एवढंच सांगायला आले."

ती गेल्यावर मी तणतणत खण उघडला. कार्ड क्रमांक सहाशे बारा. म्हटलं, पाठीवरची नोंद दाखवते आणि हिचं तोंड बंद करते. कार्ड उलटलं. पाठीवर लिहिलं होतं: 'फलकावरील उत्तर, जून महिन्याचा दुसरा शनिवार.' म्हणजे हे कार्ड फलकावरून केलेलं. मग फलकाची वही काढली, त्यात प्रत्येक शनिवारचं उत्तर आणि त्याचा आधार लिहिलेला असतो. जूनचा दुसरा शनिवार. आधार: 'कार्ड क्र. ६१२.'

मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं आणि बघत बसले. कार्ड सांगतंय फलकाला विचारा, फलक सांगतोय कार्डाला विचारा. दोन्हीकडे तेच अक्षर, 'क्ष'ला उगाच लांब शेपूट काढणारं. माझं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, खिडकीत येऊन चारच महिने झाले होते. इंग्लंडची माहिती पुस्तकात होती. आपल्या गिरणीविषयी कुठंच काही सापडलं नव्हतं, म्हणून मी 'कधीच नव्हतं' असं लिहून मोकळी झाले होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांची कार्डं उलटी करून चुका काढणारी मी, आणि माझंच कार्ड मी कधी उलटून पाहिलं नव्हतं.

कार्ड काखोटीला मारून मी ग्रंथपालांकडे गेले. ते सज्जन गृहस्थ आहेत, फक्त इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीत टेकत नाहीत.

"चूक असेल," ते म्हणाले. "पण नसेलही. तुम्हाला आधार नव्हता, याचा अर्थ उत्तर चुकलं असा होत नाही. पन्नास वर्षांत आपण फलकावर दुरुस्ती लावलेली नाही. दोन नोंदी आणा, मग बघू."

"आणते," मी म्हटलं.

"शनिवारी उद्घाटन आहे."

"आज मंगळवार आहे," मी म्हटलं आणि दार जरा जोरातच लावलं.

पहिली नोंद माझ्या नाकासमोर होती. गिरणी बंद पडली तेव्हा तिचा भोंगा शोभेला म्हणून आमच्या अंगणात आणून बसवला. मी रोज दुपारी त्याच्या चौथऱ्यावर डबा ठेवून जेवते. भोंग्याच्या बुडाला एक पितळी पट्टी आहे, हिरव्या रंगाचे चार हात बसलेली. त्या दुपारी डबा बाजूला ठेवला आणि चमच्याच्या दांड्यानं रंग खरवडायला घेतला. दोघातिघांनी थांबून पाहिलं. एकानं विचारलं, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, "चमचा धुतेय." पट्टीवर भोंगा ओतल्याचं वर्ष होतं. गिरणीच्या दारावर गिरणी सुरू झाल्याचं वर्ष कोरलेलं आहे, ते शहरात सगळ्यांना पाठ. मध्ये एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं गिरणीतले दोन हजार लोक पहाटे आपापले उठले असतील, तर त्यांना दंडवतच घालायला हवा.

पण एवढ्यानं भागणारं नव्हतं. भोंगा नव्हता हे कळलं, काठीवाली होती हे कुठं कळलं? बुधवार आणि गुरुवार मी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात काढले. गिरणीचे कागद, कामगारांच्या याद्या, चाळींचे नकाशे, सगळं पालथं घातलं. काठीवालीचा कुठं मागमूस नाही. ती गिरणीची नोकर नव्हती, पालिकेची नव्हती, तिची नोंद कोण ठेवणार? गुरुवारी चार वाजता दप्तरखान्याचा कारकून किल्ल्या वाजवायला लागला. मी त्याला म्हटलं, "वाजवा, छान वाजतायत, पण मी उठत नाही." मग तोच कंटाळून म्हणाला, "सरळ माणसांच्या कागदांत काय शोधताय? तक्रारींचं गाठोडं बघा."

साडेचार वाजता सापडलं. एका निवृत्त शिक्षकानं पालिकेला लिहिलेलं पत्र, अक्षर मोत्यासारखं, राग ओळीओळीतून सांडतोय. 'तिसऱ्या गल्लीत एक बाई रोज पहाटे लांब काठीने दुसऱ्या मजल्यावरील खिडक्या वाजवीत फिरते. आतील इसमाने खिडकीत हात दाखवल्याशिवाय ती हलत नाही. मी गिरणीत कामाला नाही. माझ्या शेजाऱ्यास गाढ झोप लागते, हा माझा अपराध नव्हे.' खाली तारीख, भोंग्याच्या आठ वर्षं आधीची. माझ्यासारखा एक चिडका माणूस होता म्हणून ती बाई कागदावर राहिली. त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले.

शुक्रवारी सकाळी मी पाट्या रंगवणारीच्या घरी गेले. आजी खिडकीजवळ खुर्चीत बसली होती, गुडघ्यावर चालायची काठी आडवी. कानांनी ठणठणीत.

"आजी, मी ग्रंथालयातून आले," मी म्हटलं.

"ओळखलं," ती म्हणाली. "तेव्हा वेणी होती तुला."

मला काही समजेना. तिनंच सांगितलं. नात रडत घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली होती. म्हणाली होती, बाई गं, ते काम मी करायचे, आधी माझी सासू करायची. आणि मी विचारलं होतं, छापील काही आहे का?

"मी म्हटलं, मी आहे की," आजी म्हणाली. "तू म्हणालीस, तसं चालत नाही."

ते मला खरोखरच आठवत नव्हतं, याची जास्त लाज वाटली. एवढं करून मी ते विसरूनही गेले होते. मी म्हटलं, "आजी, चूक माझी होती. निव्वळ माझी." तिनं काही समजूत बिमजूत घातली नाही.

"आता काय विचारायचंय ते विचार," ती म्हणाली.

मी कोरं कार्ड काढलं. तिनं सगळं सांगितलं. काठी बांबूची, टोकाला तार. तीन टकटक, जास्त नाही, नाहीतर काच जाते. कुणाला साडेतीन, कुणाला पाच, सगळं डोक्यात. "आणि हात दिसेपर्यंत हलायचं नाही. काहीजण आतून नुसतं हो म्हणतात आणि परत झोपतात. मी सोडून गेले असते तर त्याचा दिवस बुडाला असता. दीडशे खिडक्या होत्या माझ्याकडे. एकही झोपू दिली नाही."

"आणि तुम्हाला कोण उठवायचं?"

"मला कशाला कोण उठवेल? मी सगळ्यांना उठवून मग झोपायचे." मग म्हणाली, "तुझ्या खिडकीवरून मात्र तशीच निघून आले त्या दिवशी. हात काही दिसला नव्हता."

दुपारी मी पितळी पट्टीचा फोटो आणि पत्राची नक्कल ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोन्ही दोनदा वाचलं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तक्ता छापून टांगलाय. उद्या दहाला पाहुणे येणार. पुढच्या महिन्यात शांतपणे बदलू."

"पुढच्या महिन्यात ती बाई असेल याची लेखी हमी द्या. छापील द्या, तोंडी चालत नाही."

"तुम्ही उगाच हट्टाला पेटलाय."

"हो," मी म्हटलं. "आणि तक्त्यावर चूक कुणाची तेही लिहायचंय. चूक ग्रंथालयाची नाही, माझी. लोकांना हसायचं असेल तर माझ्याकडे बघून हसू देत. नाहीतर उद्या मी त्या तक्त्यासमोर खुर्ची टाकून बसते आणि येईल त्याला तोंडी सांगते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "मी आज चारलाच निघतोय. सभागृहाची किल्ली खिळ्यावर आहे. पुढचं मला काही माहीत नाही."

सव्वाचारला पाट्या रंगवणारी शिडी आणि डबे घेऊन आली. एक्केचाळीस नंबरवर तिनं पांढऱ्या रंगाचा हात मारला, आणि तो वाळेपर्यंत आम्ही दोघी जमिनीवर बसून मजकूर ठरवला. छापील तक्त्यांच्या अक्षरांशी तिनं अक्षर असं जुळवलं की नाक लावून बघितलं तरच कळावं. त्याआधी 'कधीच' हा शब्द पुसताना ती म्हणाली होती, "हा मी पुसते," आणि तिनं त्यावर तीन हात मारले होते.

शनिवारी पाहुणे आले, भाषणं झाली. अकराच्या सुमारास नातीच्या हाताला धरून आजी आली. दारापासून एक्केचाळीस नंबरपर्यंत यायला तिला दहा मिनिटं लागली. मी सभागृहासमोरच्या माझ्या खिडकीतून बघत होते, जवळ जायचं धाडस झालं नाही. नातीनं वाचून दाखवायला तोंड उघडलं तर आजीनं तिला थांबवलं आणि ओळींवर बोट ठेवून स्वतः वाचलं.

'भोंग्याच्या आधी गिरणीकामगारांना कोण उठवायचं? तिसऱ्या गल्लीतली काठीवाली. तिच्याआधी तिची सासू. तीन टकटक, आणि हात दिसेपर्यंत खिडकी सोडायची नाही. एकतीस वर्षांपूर्वी बाहेरच्या फलकावर याचं चुकीचं उत्तर लागलं होतं. ती चूक प्रश्नखिडकीत बसणाऱ्या बाईची, म्हणजे माझी. आधार: भोंग्यावरची पट्टी, नगरपालिकेतलं तक्रारपत्र, आणि स्वतः काठीवाली.'

तिनं ते दोनदा वाचलं. नातीला काहीतरी म्हणाली, नात डोळे पुसत हसली. मग आजी वळली आणि तिथून सरळ माझ्या खिडकीकडे यायला लागली. मधले लोक बाजूला झाले. ग्रंथपालांनी पाहुण्यांशी बोलता बोलता मान वळवली.

ती काचेसमोर येऊन उभी राहिली. चालायची काठी उचलली आणि टोकानं काचेवर वाजवलं. एकदा, दोनदा, तीनदा. जास्त नाही. मग काठी खाली टेकून ती थांबली. हलली नाही.

मी हात वर केला.

"चला," ती नातीला म्हणाली, "ही उठली."