वहिनींचा न हलणारा हात

मेलेला माणूस परत येत नाही, हे विज्ञानाने मानवजातीला सांगितलेले सर्वात ठाम सत्य होय. आमचे सायन्सचे सर मात्र वारल्यानंतर दर रविवारी संध्याकाळी नेमाने घरी येत आणि चहाचे कप येईपर्यंत थांबत. हयातीत ते इतका वेळ कुठे टेकल्याचे मला आठवत नाही.

ते येत त्यांच्याच खोलीत. मधोमध शाळेने मोडीत काढलेले, अॅसिडच्या डागांनी भरलेले प्रयोगशाळेचे टेबल. त्यावर एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेघा, एकीवर ‘हो’, दुसरीवर ‘नाही’. समोर खुर्चीत वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांच्या चिमटीत दोरा, दोऱ्याला सरांचा लोखंडी गोळा. भोवती सरांचे जुने, आता टक्कल पडलेले विद्यार्थी पार जिन्यापर्यंत उभे. आणि कोपऱ्यात, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे डोक्यावर ठेवून, मृतांना लंबकातून बोलते करणारे लंबकमहाराज.

“कंपन!” महाराज म्हणत. “सर गेले नाहीत हो. सर फक्त कंपनात गेले. फ्रीक्वेन्सी झाले!”

फ्रीक्वेन्सी म्हणजे काय, हे सरांनी या गृहस्थाला एकदा विचारले असते आणि उत्तर ऐकून बाकावर उभे केले असते.

प्रश्न विचारला की गोळा आधी थरथरे, मग डुले, आणि शेवटी एका रेघेवरून सरळ झोके घेऊ लागे. “सर, सुखात आहात?” हो. “सर, माझी बदली रद्द होईल?” नाही. “बाईंना एकटं वाटतं, ते तुम्हाला कळतं का सर?” हो. हो. हो.

आता हे पडले सरांचे घर. इथे डोळे झाकून विश्वास ठेवण्याची पद्धत नाही. आम्ही सगळे तपासले. टेबलाखाली चुंबक शोधला. पंखा बंद केला तो बंदच राहिला, खिडक्या लावल्या, दोरा बदलला. महाराजांना लांब कोपऱ्यात बसवले तेही आम्हीच, आणि ते बिचारे आनंदाने बसले. वहिनींचा हात तेवढा कुणी तपासला नाही, कारण तसे करणे आम्हाला सुचलेच नाही. सर दुसऱ्या दिवशीचा प्रयोग आदल्या संध्याकाळी घरी करून बघत, तेव्हा दोरा वहिनींच्या हातात देत आणि म्हणत, “स्टँड हलेल एक वेळ, पण हिचा हात हलणार नाही.” हे वाक्य त्यांनी वर्गात, स्टाफरूममध्ये आणि लग्नाच्या पंगतीतही इतक्यांदा ऐकवले होते, की आम्ही ते निसर्गनियमांत जमा करून टाकले होते.

मी सरांच्याच शाळेत, त्यांच्या बरोबरीने भाषा शिकवली. फावल्या वेळात भुतांवर विनोदी लेख लिहून नावही कमावले. पण रविवारी त्या खोलीतून निघालो की जिन्याचा कठडा घट्ट धरत असे, आणि मागे वळून बघत नसे.

त्यात आमची घरे समोरासमोर. इतर दिवशी वहिनींच्या दारावरून जाताना आवाज ऐकू येई. “आता जेवू का?” मग गोळा झोका घेईल एवढा वेळ जाई. मग हळूच, “बरं.”

एका रविवारी महाराजांनी कोपऱ्यातूनच विचारले, “सर, बाईंच्या हृदयाच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?”

गोळा डुलला आणि ‘नाही’वर गेला.

“ऐकलंत? माझं भारलेलं पाणी पुरे, असं सर स्वतः म्हणतायत. मी काही बोललो का? माझे हात कुठे आहेत? डोक्यावर!”

गोळ्या बंद झाल्या. वहिनींच्या पायांना सूज चढली. जिना चढताना त्या मध्येच थांबू लागल्या, आणि विचारले की हसून म्हणत, “हे आहेत ना बघायला.” मी त्यांच्या लेकीला फोन केला.

लेकीला सर ‘पिपेट’ म्हणत, कारण लहानपणी ती प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या नळीएवढीच बारीक होती. आता ती चांगली गोल झाली आहे, पण नाव टिकले. ती आली आणि पहिल्याच संध्याकाळी भांडण झाले.

“आई, अगं मरशील अशाने!”

“तुझ्या अप्पांनी सांगितलंय. त्यांचं ऐकू की तुझं?”

पिपेट उठून अप्पांच्या खोलीत पुठ्ठा बघायला गेली. अप्पांना मध्ये घालून आईशी भांडायचे म्हणजे दोघांशी भांडणे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

रविवारी खोली भरली. महाराज हात डोक्यावर ठेवून, डोळे मिटून लहरी पकडत बसले. पिपेट म्हणाली, “आई, आज फक्त डोळे मीट. बाकी काही बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, अप्पा म्हणायचे ना?”

वहिनींनी डोळे मिटले. पिपेटने आवाज न करता पुठ्ठा पाव फेरा फिरवला. जिथे ‘हो’ची रेघ होती तिथे ‘नाही’ आली.

“अप्पा, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होतात ना?”

गोळा थोडा अडखळला, मग जुन्याच दिशेने झोके घेऊ लागला.

“हो!” महाराज मिटल्या डोळ्यांनी गरजले. “सरांचा होकार माझ्या मस्तकात घुमतोय!”

गोळा ठामपणे ‘नाही’वर हलत होता.

“मग आम्हाला नापास कुणी केलं?” जिन्यातून कुणीतरी ओरडले आणि सगळी खोली खिदळली. महाराजांनी डोळे उघडले, पुठ्ठा पाहिला आणि अश्रद्ध माणसांमुळे लहरी कशा बिघडतात ते सांगायला घेतले.

“थांबा,” पिपेट म्हणाली. तिने कपाटातून लोखंडी स्टँड काढला, आईच्या बोटांतून दोरा सोडवून त्याला बांधला आणि गोळा हाताने स्थिर केला. “अप्पा, तुम्ही असाल तर आता ‘हो’ म्हणा.”

कुणीही हलले नाही. वहिनी गोळ्याकडे बघत होत्या. मीही बघत होतो आणि, हसू नका, मनात म्हणत होतो, हल रे बाबा, एकदाच हल.

गोळा हलला नाही.

“हात हलतो,” पिपेट म्हणाली. “आपल्याला कळतसुद्धा नाही इतका बारीक. मनात ‘हो’ असलं की बोटं ‘हो’कडे जातात. दोरा लांब, म्हणून एवढ्याशा हलण्याचा केवढा झोका होतो. कुणालाही द्या, होईल. महाराज लांब बसले, कारण त्यांना काही करावंच लागत नव्हतं.”

महाराज लहरी आवरून जिन्याने उतरले. त्यांच्यामागे माणसेही, एकमेकांकडे न बघता. खोलीत आम्ही तिघे उरलो.

“म्हणजे ते कधी आलेच नाहीत,” वहिनी म्हणाल्या.

“नाही, आई.”

“मग गोळ्या नकोत, हे कोण म्हणालं?”

सगळी युक्ती उलगडून दाखवताना हा प्रश्न पिपेटच्या डोक्यात आला नव्हता. माझ्याही नव्हता.

“मीच की,” वहिनी स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या. “घर खायला उठतं गं.”

पिपेट खाली बसली आणि तिने आईचा सुजलेला पाय मांडीवर घेतला. “मग ते मला सांगायचंस ना. दोऱ्याला कशाला सांगितलंस?”

वाचकहो, अशा कथेच्या शेवटी विवेकाचे आवाहन करतात, ते करून टाकतो. कोपऱ्यातल्या माणसाचे हात जरूर बघा, पण जो हात हलणारच नाही अशी खात्री असते, तोही एकदा बघा. आणि हलत असेल तर त्या माणसाला हसू नका, जेवलात का ते विचारा. मी समोर राहून इतके दिवस दारावरून नुसता जात होतो.

वहिनींनी डोळे पुसले. “गोळी आण,” त्या पिपेटला म्हणाल्या, “आणि ती भारलेली बाटली आण. असू दे, पाणीच आहे ते.” गोळी गिळून त्यांनी पदराने वारा घेतला आणि माझ्याकडे बघितले.

“भावोजी, उठतच आहात तर तेवढा पंखा लावा.”