सार्जंटला सतरा नकार

हात्सुएच्या पाळलेल्या सरडीला दिवस गेलेत हे मी पहिल्याच रविवारी ओळखलं होतं, आणि तरी गप्प बसलो. एवढं आधीच कबूल करून टाकतो.

फोन तिनेच केला होता. "मेल, माझी मादी एकटीच आहे रे. तुझा नर घेऊन ये की." मेल म्हणजे मी, मेल्विन पाचेको. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला विधुर. हात्सुएचा नवरा त्सुतोमु माझा दोस्त. तो जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या या बेटावरच्या कानेओहे गावात कितीतरी घरांच्या मागे जाळीचा पिंजरा असतो आणि त्यात तीन शिंगांचे घोयरे सरडे. कुंपणातल्या जास्वंदीतही ते मोकाट हिंडतात. त्यांतल्याच कुणीतरी माझ्या नराच्या, सार्जंटच्या आधी डाव साधला होता.

गाभण मादी नराला जवळ फिरकू देत नाही, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण खरं बोललो असतो तर एक कप चहा पिऊन घरी परतावं लागलं असतं, आणि मला पुन्हा तिच्या ओट्यावर येऊन बसायचं होतं. घरी माझ्याशी बोलायला फक्त टीव्ही होता, आणि तोसुद्धा बेसबॉलबद्दलच बोलायचा.

मग दर रविवारी अंघोळ करून, फुलाफुलांचा इस्त्रीचा शर्ट घालून मी निघायचो. एका हातात फांदीवर बसलेला सार्जंट, दुसऱ्या हातात गरम मालासादांची, म्हणजे साखरेत घोळवलेल्या तळलेल्या गोळ्यांची पिशवी. दाराशी चपला काढून थेट मागच्या ओट्यावर. पिंजऱ्यात सोडलं की सार्जंट हिरवागार होऊन मान डोलवायला लागायचा. त्याला पाहताच मादी काळी ठिक्कर पडायची आणि तोंड वासून फिस्कारायची. पोटुशीला त्रास नको म्हणून मी मिनिटभरात त्याला उचलून घ्यायचो.

"तुझ्या सार्जंटला बोलायची रीतच नाही," हात्सुए म्हणायची. "नुसती मान हलवतो. पुढे काही नाही."

"लाजाळू आहे गं."

"तीन शिंगं मिरवतो आणि लाजाळू? साठी उलटलेल्या माणसासारखं वागणं आहे त्याचं."

"पुढच्या रविवारी बघू."

"बघ हो, बघतच राहा. बस आता, चहा ओतते."

मिनिटभराचं ते काम, पण उठायला मला तीन-तीन तास लागायचे. मालासादा संपायच्या, डोंगरावरून पावसाची सर येऊन जायची, आम्ही त्सुतोमुच्या आठवणी काढून हसायचो.

चार महिने असे छान गेले. मग मादी रताळ्यासारखी फुगली, तिने नाकतोडे खाणं सोडलं आणि पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा सुरू केल्या. पिल्लं झाली की नर आणायचं कारण संपलं! सहासष्ट वर्षांचा माणूस मी, एका सरडीचं बाळंतपण आठवडाभर लांबावं म्हणून देवाला विनवत होतो. लाज वाटायची, पण विनवत होतो.

देवाने ऐकलं नाही. गुरुवारी सकाळी फोन आला. "मेल, लवकर ये. सुरू झालंय."

मी गाडी दुरुस्त करत होतो, तसाच निघालो. सार्जंटला आता कशाला न्यायचं? वाटभर एकच विचार होता. आज खरं सांगून टाकायचं आणि ती हाकलेल तर जायचं.

मादी फांदीवरून चालत चालत एकेक ओली पिशवी पानांवर टाकत होती. पिशवी फुटायची, आत काडीएवढं पिल्लू हातपाय ताणायचं आणि लगेच जवळची डहाळी पकडायचं. आम्ही श्वास रोखून मोजत होतो. सत्तावीस झाली.

"हात्सुए," मी म्हणालो, "ही पहिल्या रविवारीच गाभण होती. मला माहीत होतं."

तिने पिंजऱ्यावरची नजर काढली नाही. "मलाही."

"काय?"

"त्सुतोमुच्या माद्यांची बारा वर्षं बाळंतपणं केली मी. मला पोट कळू नये? फोन केला त्याच्या आधीपासून माहीत होतं."

"मग सार्जंटला कशाला बोलावलंस?"

"त्याला कोण बोलावतंय! तुला सरळ ये म्हटलं असतं तर आला असतास?"

नसतो आलो. तिलाही ते माहीत होतं.

"सतरा रविवार, मेल. त्या बिचाऱ्या प्राण्याला सतरा वेळा नकार ऐकायला आणलंस." तिच्या आवाजातली थट्टा आता गेली होती. "एकदा तरी त्याच्याशिवाय येशील म्हणून मी वाट बघत होते."

"आलोय की आज."

"दिसतंय. शर्टाला ऑइल लागलंय." तिने डोळे पुसले. "तू गेलास की हे घर खायला उठतं रे मला. आता जाऊ नकोस. मी दोघांचा भात लावते."