आत्याबाईचा अंबाडा

मी एक जुना विग आहे, मित्रांनो. पांढऱ्या केसांचा, मागे घट्ट अंबाडा असलेला. गोपिकाबाईंच्या रंगपेटीशेजारी एका लाकडी डोक्यावर माझा मुक्काम असतो. खोलीत कोणीही आलं की हा कशासाठी आला असेल, हाच विचार माझ्या मनात सगळ्यात आधी येतो. असा स्वभाव माझा जन्मापासून नव्हता. तो कसा झाला, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म नागपुरात, इतवारीतल्या एका गल्लीत झाला. तिथे भैय्याजी नावाचे म्हातारे कारागीर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळींसाठी विग बनवत. माझ्यातले केस मूळ कोणाचे, ते मला माहीत नाही. भैय्याजींनी एकेक केस जाळीला गाठ मारून बसवला, आणि एवढं बारीक काम करताना ते कोणाशी बोलत नसत. काम झाल्यावर त्यांनी मला तुळसाबाईंच्या डोक्यावर ठेवलं, चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आता तुमी म्हाताऱ्या झाल्या."

तुळसाबाई खळखळून हसल्या. तेव्हा त्यांची पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती. तरुणपण झाडीपट्टीच्या रंगमंचावर गेलेलं, आवाज असा की शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही कानात सांगितल्यासारखा ऐकू जायचा. त्यांना नुकतंच टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत काम मिळालं होतं. मालिकेचं नाव 'पाहुणे काही जाईनात'. एक नवरा, एक बायको आणि त्यांच्या घरी येऊन ठाण मांडणारे पाहुणे, एवढीच तिची गोष्ट. तुळसाबाई त्यात नवऱ्याची आत्याबाई होत्या, आणि आत्याबाईला म्हातारं दिसायला मी लागत होतो.

मालिकेचं चित्रीकरण नागपूरजवळच्या वाडीला, एका जुन्या गोदामात चालायचं. बाहेर ट्रक उभे, आत पुठ्ठ्याच्या भिंतींचं घर. दहा-अकरा वर्षं मी त्या घरात राबलो. तुळसाबाई बाजारात गेल्या की मी सोबत नसायचो, त्यामुळे चेहऱ्यावरून त्यांना कोणी ओळखत नसे. पण आवाज ऐकला की लोक माना वळवत. एकदा कळमन्याच्या बाजारात संत्री घेताना एका अडत्याने विचारलं, "काय आत्याबाई, गावाले कधी जाता आता?" ते त्यांनी खोलीत येऊन सगळ्यांना सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. मित्रांनो, तेव्हा त्या खोलीत असं हसणं रोजचं होतं.

मग एका सोमवारी दूधवाला बदलला.

मालिकेत गेंदालाल नावाचा दूधवाला होता. ताराचंद नावाचा उंच, काटकुळा नट ते काम पहिल्या भागापासून करत होता. त्या सोमवारी तोच डबा घेऊन एक गोलमटोल माणूस आत आला. मालिकेचे निर्माते आणि दिग्दर्शक धर्मेंद्रभाऊ एवढंच म्हणाले, "हा आपला गेंदालाल. चला, लाइट!" पडद्यावर बायकोने विचारलं, "काय गेंदालाल, तब्येत सुधारली वाटते!" लोक हसले आणि विषय संपला.

रंगखोलीत मात्र कोणी हसलं नाही. आदल्याच आठवड्यात ताराचंदने याच खोलीत धर्मेंद्रभाऊंची नक्कल केली होती. चष्मा कपाळावर चढवून, पोट पुढे काढून. ती भाऊंपर्यंत पोचली कशी? दिवाळीनंतर भाचीचं काम करणारी, नुकतंच लग्न झालेली काजलही अशीच दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी, तिच्याच फ्रॉकमध्ये, दुसरी मुलगी आली. नवरा-बायको तेच राहिले. बदलत होते ते बाजूचे लोक, आणि का बदलले ते कोणी सांगत नव्हतं.

तेव्हापासून लोक आधी दाराकडे पाहून मग बोलू लागले. कोणी फोनवर कुजबुजलं की दुसऱ्याला वाटायचं, आपल्याबद्दलच चाललंय. चहाचे कप घेऊन पूर्वी सगळे एका बाकावर बसत, ते आता कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहू लागले. एके दिवशी मला डोक्यावर बसवताना तुळसाबाई आरशातल्या स्वतःला हळूच म्हणाल्या, "या खोलीत एक कान जास्तीचा हाय."

तो कान कोणाचा, याबद्दल त्यांची खात्री होत चालली होती. रंगरंगोटी आणि केसांचं काम गोपिकाबाईंकडे होतं. सगळ्यांच्या डोक्याशी त्याच उभ्या असत, आणि सगळं त्यांच्याच कानावर पडे. ताराचंदने नक्कल केली तेव्हाही त्या तिथेच होत्या. मलाही ते पटलं. माझे केस विंचरताना गोपिकाबाईंचा हात मऊ असायचा, पण आता मला तो मऊपणाच खटकू लागला.

तुळसाबाईंनी गोपिकाबाईंकडून केस बसवून घेणं बंद केलं. पिना स्वतःच खोचू लागल्या. आणि संध्याकाळी मला कापडी पिशवीत घालून इंदोऱ्याला आपल्या घरी नेऊ लागल्या.

"विग घरी काहून नेता जी?" गोपिकाबाईंनी एकदा विचारलं.

"माह्या डोक्याले त्याची सवय हाय," तुळसाबाई म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड गच्च आवळून बसकडे निघाल्या.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती फक्त मलाच माहीत आहे, असं मला वाटत होतं. दुपार झाली की तुळसाबाईंचा आवाज फाटायचा. वाक्याच्या शेवटी शब्दच उमटायचा नाही. त्या ज्येष्ठमध चघळत, गरम पाणी पीत, खोकल्याचं निमित्त करत. एक दिवस वाडीहून परत येताना त्या रामदासपेठेत उतरल्या आणि एका डॉक्टरांकडे गेल्या. मी मांडीवरच्या पिशवीत होतो.

"स्वरयंत्रावर गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "साधीच दिसते, पण काढावी लागेल. त्यानंतर काही महिने आवाजाला पूर्ण विश्रांती."

"बोलाचंच तं काम हाय माह्यं, डॉक्टरसाहेब."

"म्हणूनच सांगतो आहे. उशीर केलात तर आवाज परत येईलच असं नाही."

घरी येऊन त्यांनी मला खुंटीला टांगलं. कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार कोणाला? जिथे नक्कल केल्याने माणूस जातो, तिथे आवाज गेल्यावर कोण ठेवणार, असंच त्यांना वाटत असावं.

आणि मग प्रेमिलाबाई आल्या. त्या तुळसाबाईंच्या झाडीपट्टीतल्या जुन्या जोडीदारीण. एका नाटकात तुळसाबाई राणी असल्या तर प्रेमिलाबाई दुसऱ्या नाटकात राणी, अशी दोघींची बरोबरी. इथे मात्र त्यांना गर्दीतली शेजारीण म्हणून घेतलं होतं. एक वाक्य नाही, नुसतं मागून जायचं. एवढी नावाजलेली बाई नुसतं मागून जायला कशाला आली? काम नसेल तेव्हा त्या खुर्ची घेऊन कॅमेऱ्याच्या मागे बसत आणि तुळसाबाईंकडे एकटक पाहत. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. आत्याबाईची वाक्यं त्या मनात म्हणत होत्या.

तुळसाबाईंनाही ते दिसलं. प्रेमिलाबाई समोरून आल्या की त्या वळून दुसरीकडे जात. "तुळसाबाई, एक मिनिट," अशी हाक आली की ऐकलं न ऐकल्यासारखं करत.

एका दुपारी जेवणाची सुट्टी झाली. उकाडा फार होता, म्हणून तुळसाबाईंनी मला घटकाभर लाकडी डोक्यावर ठेवलं आणि त्या हातपाय धुवायला गेल्या. तेवढ्यात दार लोटून प्रेमिलाबाई आत आल्या. त्यांच्यामागे गोपिकाबाई. गोपिकाबाईंनी मला उचललं आणि प्रेमिलाबाईंच्या डोक्यावर बसवलं. तेलाचा वास वेगळा, डोक्याचा आकार वेगळा. मला ओरडावंसं वाटलं, मित्रांनो, पण विगाला तोंड कुठलं?

"थोडा ढिला होऊन राहिला," गोपिकाबाई पिना खोचत म्हणाल्या.

दारात तुळसाबाई उभ्या होत्या. तोंडावरचं पाणी अजून पुसलेलं नव्हतं.

"उतरव तो," त्या म्हणाल्या. आवाज अर्ध्यातच फाटला.

प्रेमिलाबाई उठल्या. "बाई, ऐका तं खरं..."

"काय ऐकू वं? माह्या डोक्यावरचं काढून सोताच्या डोक्यावर घालून राहिली तू, आणि मी ऐकू?"

"इतके दिवस मी तुमाले तेच सांगाले पाहून राहिली! तुमी मले पाहून रस्ता बदलता." प्रेमिलाबाईंचे डोळे भरून आले होते. "भाऊनं मले सोमवारपासून आत्याबाई कराले सांगतलं. मी म्हटलं, तुळसाबाईले विचारल्याशिवाय मी उभी नाही राहत. ते म्हणे, विचारू नको, मीच सांगतो. त्यायनं काही सांगतलं नाही. आज मापासाठी बसवलं मले गोपिकानं, भाऊचाच हुकूम."

तुळसाबाई गोपिकाबाईंकडे वळल्या. "माह्या आवाजाचं तूच सांगतलं ना भाऊले? ताराचंदचंही तूच सांगतलं."

गोपिकाबाईंच्या हातातली पीन तशीच राहिली. "बाई, तुमचा आवाज मले कधीचाच समजला होता. म्या कोणाच्याच कानावर घातलं नाही. भाऊ रोज हेडफोन लावून बसते, त्यायले नाही समजणार का? आणि ताराचंदचं काय सांगू? त्याले बुटीबोरीले नोकरी लागली, त्यानं सोताच सोडलं. मले फोन येते त्याचा. काजलले दिवस गेले, ते माहेरी गेली."

"मंग हे कोणी सांगतलं काहून नाही आमाले?"

"भाऊ कोणालेच काही सांगत नाही जी. सांगतलं का लोक प्रश्न विचारतात म्हणते. आणि मी सांगू तं कोणाले? मी आली का तुमी समदे चूप बसता."

मी अजून प्रेमिलाबाईंच्याच डोक्यावर होतो. तुळसाबाई पुढे आल्या. मला वाटलं, आता मला ओढून काढतील. त्यांनी माझा कानामागे दुमडलेला काठ सरळ केला, आणि तशाच धर्मेंद्रभाऊंकडे निघाल्या. दोघी त्यांच्यामागे गेल्या.

भाऊ जेवत होते. तिघींना पाहून ते उठले. "बाई, मी तुमच्यासंग बोलणारच होतो."

"कधी? सोमवारी, ही माह्या लुगड्यात उभी राहिल्यावर?"

भाऊंनी मान खाली घातली. "तुमाले वाईट वाटन म्हणून... आणि पब्लिकचं काय बाई, दोन भाग झाले का विसरते."

"विसरन तं विसरू द्या," तुळसाबाई म्हणाल्या. एकेक शब्द त्यांना खालून ओढून काढावा लागत होता. "माह्या गळ्याले ऑपरेशन हाय. प्रेमिला चांगली करन, तिच्याबद्दल माह्यं काही म्हणणं नाही. पण मी मांजरीसारखी मागच्या दारानं नाही जात. मले लोकाले सांगून जायचं हाय."

भाऊंनी बऱ्याच अडचणी सांगितल्या. असं कुठल्या मालिकेत करत नाहीत, विनोदाचा रंग जाईल, वाहिनीवाले चिडतील. गोपिकाबाई आणि प्रेमिलाबाई दोघीही जागच्या हलल्या नाहीत. शेवटी भाऊ म्हणाले, "बरं. एक मिनिट देतो."

शुक्रवारी ते चित्रीकरण झालं. तुळसाबाई पुठ्ठ्याच्या घरात, नेहमीच्या पाटावर बसल्या. शेजारी प्रेमिलाबाई. कॅमेरा चालू झाल्यावर तुळसाबाईंनी दोन्ही हातांनी मला डोक्यावरून उतरवलं. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांचे स्वतःचे केस कधी पाहिले नव्हते. खालचे केस आता माझ्याच रंगाचे झाले होते.

"मी तुळसाबाई," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "इतके दिवस तुमची आत्याबाई होती. माह्या गळ्याले आराम पाह्यजे. ही प्रेमिला. आता ही तुमची आत्याबाई. आणि दूध आणाचा तो ताराचंद होता, भाची होती ते काजल. दोघंही मजेत हायेत."

मग त्यांनी मला प्रेमिलाबाईंच्या डोक्यावर ठेवलं. पिना गोपिकाबाईंनी लावल्या, कॅमेऱ्यासमोरच. लाइट धरणारा माणूस बाहीने डोळे पुसत होता. भाऊ 'कट' म्हणायचं विसरले.

लोक विसरले नाहीत. तो भाग दाखवल्यावर तुळसाबाईंची तब्येत विचारणारे इतके फोन आले की भाऊंना दोनदा टीव्हीवर कळवावं लागलं, ऑपरेशन नीट झालं म्हणून. सहा-सात महिन्यांनी तुळसाबाई परत आल्या. आवाज जाडाभरडा झाला होता, पण होता. भाऊंनी त्यांच्यासाठी शेजारच्या खडूस घरमालकिणीचं नवं काम लिहून घेतलं, आणि आत्याबाई व घरमालकीण यांची भांडणं लोकांना फार आवडली. आता कोणी सोडून जाणार असेल, तर भाऊ सगळ्यांना बोलावून सांगतात. सांगताना अजूनही जमिनीकडे पाहतात, पण सांगतात. चहा पुन्हा एकाच बाकावर होतो आणि गोपिकाबाई त्या बाकाच्या मधोमध बसतात.

परवा गोपिकाबाईंनी एक खोका उघडला. आत माझ्यासारखाच, पण नवाकोरा विग होता. त्यांनी तो माझ्याशेजारी ठेवला, माझ्यावर हात ठेवला आणि प्रेमिलाबाईंना म्हणाल्या, "याची जाळी विरली जी आता. पाडव्यापासून हा नवा घालू. बिचाऱ्यानं लय काम केलं." हे सगळं त्या माझ्यासमोरच बोलल्या. मला वाईट वाटलं, मित्रांनो, पण संशय आला नाही.

एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. आज ना उद्या तुमच्याही हातात एखादी जागा येईल, संघातली, वर्गातली, मोठेपणी कचेरीतली, आणि ती एकाकडून काढून दुसऱ्याला द्यावी लागेल. तेव्हा ज्याची जागा जाते आहे, त्याच्याजवळ आधी जाऊन बसा. त्याच्याकडे पाहा, आणि आपल्या तोंडाने त्याला सांगा.