शुक्रवारची रात्र

चार वाफे तयार होते, पाचवा अर्धा. खजुराच्या सावलीत हसना गुडघे टेकून मिरचीची रोपं लावत होती. वांगी, भोपळा, भेंडी अजून डब्यांतच होती. पाटाच्या तोंडाशी असलेल्या वाफ्यात तिने सकाळी गाजर आणि कोथिंबीर पेरली होती; सासूने राखून ठेवलेलं सगळं बी त्यात गेलं होतं. उरलेलं काम उद्या दुपारपर्यंत उरकेल असा तिचा अंदाज होता.

सासू मब्रूका, जिला सगळे मानाने लल्ला म्हणत, काठी टेकत आली आणि पाटापाशी थांबली.

"पाटाचं दार का नाही फोडलंस?"

"उद्या फोडते, लल्ला. पाणी उद्या संध्याकाळी आहे ना."

"कोण म्हणालं?"

"पाटकरीच म्हणाला. शुक्रवारची रात्र."

"मग आज काय आहे?"

"गुरुवार."

सासूने खजुरांच्या शेंड्यांवर उरलेल्या उन्हाकडे पाहिलं. हसनाच्या हातातलं रोप हातातच राहिलं.

आमच्याकडे, या वाळवंटातल्या बागांत, दिवस सूर्य मावळला की बदलतो. शुक्रवारची रात्र सुरू होते ती गुरुवारच्या मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानीला. हसनाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. राजधानीत तिच्या माहेरी त्या रात्री कुराण वाचलं जायचं, ते गुरुवारीच. पण पाण्याची वेळ तिने मोबाइलमध्ये टाकली होती, आणि मोबाइलचा दिवस मध्यरात्री बदलतो.

तिचा नवरा मोन्सेफ हिवाळ्यात कामासाठी फ्रान्सला गेला. तेव्हापासून बाग पडीक होती आणि पाण्याच्या दोन पाळ्या फुकट गेल्या होत्या. तिसरी गेली तर पाळी कायमची शेजारच्या लझहरच्या खजुरांना, असं पंचांनी सांगितलं होतं. शेवटचा वाफा भिजला तरच पाळी लागली असं धरतात.

लझहर खांद्यावर फावडं टाकून आलाच.

"लवकर आलात, सी लझहर," सासू अदबीने 'सी' लावून म्हणाली.

"पाणी थांबतंय का कुणासाठी? तुमचं दार बंद दिसलं तर मी माझं उघडणार, लल्ला. राग मानू नका."

"उघडं दिसेल."

"सूनबाईंनी तर दारापुढेच वाफ्याची भिंत बांधलीय. राजधानीत असंच दार करतात वाटतं."

हसना कुदळ चालवत होती. वाळून टणक झालेली माती ढेकळांनी निघत होती. तोंड मोकळं झालं, पण पुढे पाटच नव्हता. वाफ्यांना वळसा घालून तो खणायला वेळ उरला नव्हता. सरळ वाट एकच होती, गाजराच्या वाफ्यातून.

तिने सासूकडे पाहिलं. सासूने तोंड फिरवलं.

हसनाने कुदळ वाफ्याच्या मधोमध घातली.

अजान झाली. पाणी आलं, गढूळ, वर वाळकी पानं. लझहर आपल्या दारावर फावडं रोवून उभा होता. पाणी गाजराच्या वाफ्यातून बी उचलत गेलं, मिरचीत शिरलं आणि चौथ्या वाफ्याचा बांध फोडून कडेच्या डाळिंबाच्या झाडांकडे धावलं. हसना त्या खिंडारात आडवी बसली.

"लल्ला, डबे!"

म्हातारी काठी टाकून पाचव्या वाफ्याच्या चिखलात उतरली. एकेक डबा उलटा करून ती भोपळा, वांगी हाताला येतील तशी खोचत गेली. भेंडीचं रोप मोडलं, तरी तिने खोचलं.

पाटकरी आला. वाकून त्याने पाचव्या वाफ्याच्या टोकाला बोट खुपसलं.

"भिजलाय," तो म्हणाला.

लझहरने फावडं उपटलं. "उठा आता सूनबाई, बाकीचं पाणी मला लागेल."

एप्रिलमध्ये गाजरं मिरच्यांत उगवली, कोथिंबीर वांग्यांत, आणि थोडी वाहत जाऊन लझहरच्या कुंपणाखाली. तो जुडी घेऊन आला.

"तुमचा माल. माझ्याकडे आला होता."

"राहू दे तुम्हालाच," हसना म्हणाली. "पुढची पाळी कधी आहे?"

"शुक्रवारची रात्र."

"म्हणजे गुरुवारी."

लझहरने सासूकडे पाहिलं. सासू शेंगा सोलत होती.

"गुरुवारी असं म्हणायचं नाही, बेन्ती, लेकी," ती मान वर न करता म्हणाली. "शुक्रवारची रात्र."