बदलापूरचा सहाशे चाळीस

"काका, सहाशे चाळीसचं भागलं ना? तुमचा मेल बघून मी स्टँडवरूनच रिटर्न आलो," भावेश फोनवर सांगत होता. "बाकी दोघं पण घरी गेले."

अनंताने हातातला घास ताटात परत ठेवला. भावेश बदलापूरचा रक्तदाता, आणि बदलापूरचा सहाशे चाळीस म्हणजे भिकी. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची पोर, बाळंतपणात रक्त गेलेली. तिचं काहीही भागलेलं नव्हतं.

निगेटिव्ह रक्तगटवाल्यांच्या त्यांच्या मंडळाच्या तीन मेल-याद्या होत्या, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. प्रत्येक यादी आलेल्या मेलला आपापला पुढचा नंबर लावायची. प्रत्येक मेल तिन्हीकडे पाठवून नंबर जुळते ठेवायचे, एवढंच अनंताचं काम, आणि गोदामातून निवृत्त झाल्यापासून त्याने ते अकरा वर्षं देवपूजेसारखं केलं. नंबर जुळते असले की 'अमक्याची गरज भागली' एवढ्या एका ओळीत काम व्हायचं. मंडळाची सचिव कीर्ती एकदा सभेत म्हणाली, हे आता कॉम्प्युटरलाच करू दे. तेव्हा तो चारचौघांत बोलून बसला, "माझा एक नंबर चुकलेला दाखव, त्या दिवशी घरी बसतो."

आणि यंदा दिवाळीच्या शुभेच्छा घाईघाईत त्याच्याच हातून एकट्या बदलापूरला गेल्या. ती यादी एका नंबराने पुढे सरकली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या ते ध्यानात आलं होतं. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तो गप्प बसला. आज सकाळी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या पेशंटला रक्त मिळालं. तिथला तो सहाशे चाळीस, पण बदलापूरच्या यादीत सहाशे एकेचाळीस. अनंताने सवयीने तिन्हीकडे कळवलं, 'सहाशे चाळीसची गरज भागली, कोणी जाऊ नये.'

"भावेश, परत जा. रिक्षा कर, त्या दोघांनाही घे," तो म्हणाला. "चूक माझी आहे." एवढं बोलायला त्याला दिवाळीपासूनचे दिवस लागले होते.

तो बदलापूरच्या दवाखान्यात पोचला तेव्हा भिकीला रक्त चढत होतं. पोर वाचली होती. बाहेर बाकावर तिचा बाप सुकऱ्या बसला होता. हा मंडळाचा माणूस, असं नर्सने सांगताच तो पाया पडायला वाकला. अनंता झटकन मागे सरला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोन तास पोर इचारीत व्हती, आला का कोनी," सुकऱ्या म्हणाला. "मीच बोललो, नको वाट बघू. आपल्यासाठी कोन येल?"

"येत होते," अनंता म्हणाला. "तिघं निघाले होते. मी चुकीचा निरोप धाडून परत फिरवले. माझ्यामुळे तुमचे दोन तास गेले."

आता हा शिव्या घालेल, निदान तोंड तरी फिरवेल, अशी अनंताने वाट पाहिली. त्याला तेच हवं होतं.

"म्हंजी निंगाले व्हते?" सुकऱ्याने विचारलं.

"हो."

म्हातारा उठला आणि लगबगीने वॉर्डाच्या दारात गेला. "भिके," तो आत बघून म्हणाला, "निंगाले व्हते गं ते. तवाच निंगाले व्हते."

अनंता मान खाली घालून बाकाशेजारी उभा राहिला. बसायचा त्याला धीर झाला नाही.